पहिलटकरणींच्या राखणीला

न्यूझीलंडला राहतो म्हटलं की भारतातले नातेवाईक हमखास दोन प्रश्न विचारतात. एक, "क्रिकेटवाल्यांपैकी कुणी भेटतं का हो?" आणि दुसरा, "तिकडे म्हणे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर आम्ही इतकी वर्षं नुसतं हसून देत होतो. कारण पामर्स्टन नॉर्थमध्ये राहून मेंढी पाहायची ती गाडीच्या काचेतून, नाही तर सुपरमार्केटच्या थंडगार कपाटात. गेल्या वसंतात मात्र शाळेच्या सुट्टीचे सोळा दिवस आम्ही 160 मेंढ्यांच्या सुईणी, आया आणि राखणदार झालो. त्या सोळा दिवसांची ही हकीकत.

आधी त्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू. 1982 साली या देशात 7 कोटींवर मेंढ्या होत्या आणि माणसं जेमतेम 32 लाख. म्हणजे माणशी 22 मेंढ्या. मग 1984 साली सरकार बदललं, शेतकऱ्यांच्या सबसिड्या एकामागून एक गेल्या, पुढे दुधाला भाव आला आणि सपाट जमिनीवर मेंढ्यांच्या जागी गाई दिसू लागल्या. आता मेंढ्या अडीच कोटींच्या खाली आल्या आहेत आणि माणसं 50 लाखांच्या वर गेली आहेत. तरी माणशी चारच्या वर मेंढ्या उरतातच. तेव्हा नातेवाईकांचं म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही!

आता आमची गोष्ट. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी पाहियातुआच्या पूर्वेला, डोंगराळ भागात आमची गाडी बंद पडली होती. समोर एक फाटक, आत दूरवर दिवा. त्या घरातल्या आजीबाईंनी आम्हाला चुलीपाशी बसवलं, मुलांना कोरडे कपडे दिले, गरम स्कोन आणि चहा दिला. तेव्हापासून हे म्हातारा-म्हातारी आमचे इकडचे आजी-आजोबा झाले. मुलं त्यांना 'पॉप' आणि 'नॅना' म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात.

गेल्या वर्षी पॉपच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी सप्टेंबरात. दीड वर्ष वाट पाहिलेली तारीख, सोडायची कशी? मोठ्या कळपाची तशी काळजी नव्हती. त्या अनुभवी मेंढ्या ऑगस्टपासून डोंगरावर आपापल्या विततात, माणूस मध्ये न आलेला त्यांना बरा. त्यांच्यावर शेजारी नजर ठेवणार होता. प्रश्न होता तो घराजवळच्या चार कुरणांतल्या 'हॉगेट'चा. हॉगेट म्हणजे वर्षाची मेंढी. आपल्या भाषेत पहिलटकरीण! अंगाने लहान, अनुभव शून्य. कोकरू झालं की घाबरून पळून जाणारी. त्या उशिरा, सप्टेंबरच्या शेवटी वितात आणि त्यांच्याकडे दिवसातून तीनदा पाहावं लागतं. नॅना फोनवर म्हणाल्या, "मी सत्त्याहत्तरची झाले, चारचाकी मोटारसायकल चालवते, पण कुंपणावरून चढता येत नाही." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रजेचे अर्ज टाकले.

नेमकी तेव्हा आई आमच्याकडे आलेली. आई माणदेशातली, दहिवडीजवळच्या खेड्यातली. गळ्यात तुळशीची माळ. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं होतं, गेल्या महिनाभरात शेतावर, जनावरांत गेला होतात का? आई म्हणाली, "जल्मच तिथं गेला की!" भाषांतर केल्यावर तो हसला आणि तिच्या चपला नेऊन तळापासून धुऊन आणून दिल्या. लाळ्या-खुरकतसारखा रोग इथे नाही आणि तो येऊ नये म्हणून हा सोपस्कार. आईला मात्र अप्रूप वाटलं: "पावण्याचं पाय धुत्यात म्हणायचं."

फार्मवरचा दिवस साडेपाचला सुरू होतो. अजून अंधार, गवतावर दव नाही तर पांढरं कड. अंगावर दोन स्वेटर, वर रबरी रेनकोट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. खिशात आयोडीनची बाटली, दोरीचं वेटोळं, रंगाची खडू-कांडी. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली, पण मेंढ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं! त्यामुळे आमचाच तास बुडाला.

पहिली फेरी म्हणजे नुसतं पाहणं. कोण कळपापासून बाजूला गेली आहे, कोण पुढच्या पायाने जमीन उकरते आहे, कोण उठते-बसते आहे. अशीला लांबूनच पाहायचं. अर्ध्या-पाऊण तासात दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर सगळं ठीक. एकच खूर दिसला, किंवा नुसतं डोकं, तर मात्र धरायची, कुशीवर पाडायची, हात साबणाने धुऊन आत घालायचा आणि दुमडलेला पाय शोधून सरळ करायचा. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाने मेंढी धरली आणि दुसरीने हात घातला, तेव्हा दोघांचेही डोळे मिटलेले होते! नॅना कुंपणापलीकडून सांगत होत्या, "ओढू नका. ती कळ देईल तेव्हाच ओढा." तिने कळ दिली. पिवळं, चिकट, वाफाळणारं कोकरू गवतावर आलं, नाक पुसताच शिंकलं. आम्ही दोघं चिखलात बसून लहान मुलांसारखे हसत होतो.

मग नाळेला आयोडीन लावायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. आईने चाटलं पाहिजे, वास घेतला पाहिजे, कोकराने तासा-दोन तासांत उठून चीक प्यायला पाहिजे. त्या चिकात ऊब आणि रोगाशी लढायची ताकद दोन्ही असतात. तो पोटात गेला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

दुसरं काम उताण्या पडलेल्या मेंढ्यांचं. अंगावर भिजलेली लोकर, पोटात पिल्लू, आणि लोळताना एखादी खळग्यात पाठीवर गेली की तिला उठताच येत नाही. चारी पाय वर. पोटात वायू साठतो आणि काही तासांत मेंढी मरते. तिला नुसतं उलटून चालत नाही. पायांत बळ येईपर्यंत आपल्या दोन गुडघ्यांत धरून उभं राहावं लागतं. रोज एखादी तरी अशी सापडायची. मेंढी पायांत धरून समोरच्या टेकडीवरचं पिवळंजर्द गॉर्स पाहत पाच-दहा मिनिटं उभं राहायचं, दुसरं काही करता येत नाही. कितीतरी वर्षांत आम्ही इतके रिकामे उभे राहिलो नव्हतो.

पॉपची दोन कुत्री. एक 'हंटअवे', तो भुंकून कळप मागून हाकतो. दुसरी 'हेडिंग डॉग', ती तोंडातून आवाज काढत नाही, पुढे जाऊन नुसत्या नजरेने मेंढ्या थोपवते. पॉपने दवाखान्यातून फोनवर शिट्ट्या शिकवल्या, आम्ही घरभर शिट्ट्या घातल्या. कुत्र्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं नव्या मास्तरांकडे मागच्या बाकावरची पोरं पाहतात. तिसऱ्या दिवशी आई ओट्यावरून ओरडली, "आरं ए, हिकडं ये की!" हंटअवे धावत येऊन तिच्या पायाशी बसला. तिच्या हातात पोळी होती हे नंतर कळलं.

याच सुट्टीत घटस्थापना आली. शारदीय नवरात्र इथे ऐन वसंतात! आईने कुरणातली माती आणली, नॅनांच्या कोंबड्यांच्या दाण्यांतला गहू पेरला. पण थंडीने तो उगवेना. मग घट चुलीशेजारी आला, जिथे खोक्यांत गारठलेली कोकरं ठेवलेली असत. तिथे मात्र गहू तरारून आला. सातव्या माळेला दोन आठवड्यांचं एक पोरकं कोकरू स्वयंपाकघरात शिरलं आणि घटाचे निम्मे अंकुर खाऊन मोकळं झालं. आम्ही श्वास रोखून आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "देवीचंच लेकरू. खाऊ द्या."

आणि मग आला दक्षिणेचा वारा. इथल्या शेतकऱ्यांना वसंतात याचीच धास्ती. 2010 च्या सप्टेंबरात साउथलंडमध्ये असंच बर्फाचं वादळ आठवडाभर बसलं आणि तिथे लाखो कोकरं गेली होती. इनव्हरकार्गिलच्या स्टेडियमचं छप्पर बर्फाच्या ओझ्याने कोसळलं ते त्याच वादळात. आमचं वादळ एका रात्रीचंच. दुपारी तापमान झपाट्याने उतरलं, आडवा पाऊस सुरू झाला, पावसात गारा. नॅना म्हणाल्या, "आज विणाऱ्या सगळ्यांना पाइनच्या रांगेआड न्या." अंधार पडेपर्यंत आम्ही, मुलं आणि ती दोन कुत्री तेवढंच करत होतो. रात्री टॉर्च घेऊन चार फेऱ्या मारल्या. ओलं कोकरू त्या वाऱ्यात थोड्या वेळातच थंड पडतं. तोंडात बोट घातलं आणि जीभ गार लागली की ते कोटात घालून घराकडे पळायचं. आत आई आणि नॅना. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. पण टॉवेलने चोळणं, चीक कोमट करणं, नळीने हळूच पोटात सोडणं, यात भाषा कुठे लागते? पहाटे आम्ही आत आलो तेव्हा दोघी चुलीसमोर खुर्च्यांवर बसल्या होत्या, दोघींच्या मांडीवर एकेक कोकरू, आणि आई नॅनांना ओवीच्या चालीवर काहीतरी ऐकवत होती.

सकाळी मोजलं. चौदा मेली होती. खोक्यांतली नऊ वाचली. चौदा लहान मुडदे गोळा करून ट्रेलरमध्ये ठेवताना आमच्या मोठ्या मुलीने एकदाही तोंड फिरवलं नाही. आम्ही मात्र फिरवलं.

त्यानंतर जे झालं ते लिहावं की नाही असं वाटत होतं. पण मुलीचं म्हणणं, लिहाच. एक मेंढी आपल्या मेलेल्या कोकरापाशी उभी राहून ओरडत होती. घरात खोक्यात आई नसलेलं कोकरू होतं. नॅनांनी चाकू घेतला, मेलेल्या कोकराचं कातडं सोडवलं, त्याला चार भोकं ठेवली आणि झबलं घालावं तसं ते पोरक्याच्या अंगात घातलं. मेंढीने वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्याला आचळांशी येऊ दिलं. दोन-तीन दिवसांनी ते कातडं काढून टाकतात, तोवर तिच्या दुधाचा वास त्याला लागलेला असतो. आम्हाला वाटलं, आईला हे सहन होणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं रेडकू मेलं की कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठेवत्यात. पर ते दूध काढाय. हितं निदान एक लेकरू जगलं."

त्याच संध्याकाळी तिने तो प्रश्न विचारला, ज्याची आम्ही वाट पाहत होतो. "आरं, ही एवढी जगवल्याली कोकरं जात्यात कुठं?"

आम्ही खरं ते सांगितलं. माद्यांपैकी चांगल्या ठेवतात. बाकीची उन्हाळ्यात, ख्रिसमसच्या मागेपुढे, कत्तलखान्यात. 1882 च्या फेब्रुवारीत 'डनीडिन' नावाचं जहाज पोर्ट चामर्सहून गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि तीन महिन्यांनी ते धडपणे लंडनला पोचलं, तेव्हापासून हा देश त्यावर उभा आहे. त्याआधी मेंढीची किंमत मुख्यतः लोकरीची. आता उलट झालंय: 2020 च्या सुमारास जाड्या लोकरीला भाव इतका पडला होता की कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नव्हती. आणि आईला हेही सांगणं भाग होतं की आम्ही दोघं रविवारी ते मटण खातो. तिला ते माहीत होतंच, पण आजवर तो शब्द घरात कुणी काढत नव्हतं.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "धनगर बी नर इकतोच की. माज्या वडलांच्या रानात दरसाल मेंढरं बसायची. दोन रात्री वाघर लावून. खताच्या बदल्यात आम्ही जवारी द्यायचो. बाहात्तरच्या दुष्काळात त्यो धनगर मेंढरांसाठी रडल्याला मी बघितलाय, आन त्याच मेंढरांस्नी बाजारात नेल्यालाबी बघितलाय. दोन्ही खरं व्हतं." तेवढंच. आम्ही त्यानंतर मटण सोडलं असं सांगितलं तर खोटं होईल. पण आता ताटातल्या तुकड्याला एक पहाट आणि एक गार जीभ चिकटलेली असते. ते विसरून खाणं संपलं.

नॅना जुळ्यांविषयी बोलत होत्या तेव्हाची गंमत सांगायची राहिली. हिवाळ्यात मेंढ्यांची सोनोग्राफी होते, एक, दोन की तीन ते पाहून पाठीवर रंगाची खूण करतात. पूर्वी, 1990 च्या सुमारास, 100 मेंढ्यांमागे 100 च्या आसपास कोकरं हाती लागायची, आता 130 च्या आसपास. आई म्हणाली, आमच्या दख्खनी मेंढीला एकच. तेव्हा आम्हाला फलटणची गोष्ट सांगता आली. सुंदरबनातली गारोळ नावाची चिमुकली मेंढी सर्रास जुळी देते. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांचा तो गुण तिथल्या 'बुरूला' मेरिनो कळपात उतरला असं मानतात. त्यामागचं जनुक 2001 साली ओळखलं गेलं, त्यात डनीडिनजवळच्या इन्व्हरमे केंद्रातले शास्त्रज्ञ होते. आणि बनबिहारी निंबकरांनी 1968 साली फलटणला काढलेल्या 'नारी' संस्थेने गारोळचा तोच गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. आई ऐकून म्हणाली, "फलटणला? आमच्या शेजारी? मग हे बघाय मला एवढं इमानानं कशाला आणलं?"

शेवटच्या शनिवारी मोठ्या कळपातल्या कोकरांच्या शेपट्या काढायचा दिवस होता. ओल्या शेपटीला लेंड्या चिकटतात, त्यात माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. म्हणून कोकरं काही आठवड्यांची झाली की शेपटीला चिमट्याने घट्ट रबरी कडं चढवतात किंवा तापल्या इस्त्रीने ती कापतात. (आपल्या दख्खनीची शेपूट मुळातच आखूड, ही कटकट नाही.) नर असेल तर दुसरं कडं. कानाला खूण, एक लस, आणि सोड. एकट्याचं हे काम नव्हेच. आजूबाजूच्या पाच फार्मवरची माणसं आपापली कुत्री घेऊन आली, मजुरीचा प्रश्नच नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या फार्मवर सगळे. आईने लगेच नाव दिलं: "ही तर इर्जिक!" इर्जिकीचं जेवण तिनेच केलं. बटाटेवडे. कोकरं पकडणाऱ्या त्या धिप्पाड मंडळींनी नॅनांचे पाय बाजूला सारून दोन परात वडे संपवले आणि हिरव्या चटणीने डोळे पुसत पुन्हा कामाला गेले.

त्या दुपारी पॉप घरी आले, दोन कुबड्यांवर. ओसरीत खुर्ची टाकून बसले, वही मागवली. पहिलटकरणींचा हिशेब आम्ही लिहून ठेवला होता: 160 मेंढ्या, हयात कोकरं 139. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा पाहिला. "वादळ होऊन? मला 120 ची आशा होती." एवढंच बोलले. मग कुरणाकडे पाहत, जणू हवामानाविषयी बोलावं तसं म्हणाले की एका जंगल कंपनीचं पत्र आलं आहे. सगळी टेकडी पाइन लावायला हवी आहे. आपल्या शेजारच्या खोऱ्यात अशी तीन फार्म गेली. झाडं कार्बन शोषतात, त्याचे पैसे मिळतात, मेंढ्यांपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय रात्री टॉर्च घेऊन फिरावं लागत नाही. मुलं काही परत यायची नाहीत. आम्हाला काय बोलावं सुचेना. आम्ही तरी कुठे परत गेलो? दहिवडीची आईची जमीन कोण बघतं, हे पॉपने विचारलं नाही. पण आईने माणसाच्या तोंडाकडे पाहूनच काय समजायचं ते समजून घेतलं असावं. तिने उरलेला वडा त्यांच्या बशीत ठेवला.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही घरी होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या धनगरांत त्या दिवशी मेंढरांची आणि लेंड्यांच्या राशीची पूजा होते. आईने फोनवर नॅनांना हे सांगायला लावलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग नॅनांचं हसू: "इथे तर राशीच राशी आहेत, कुठली निवडू?" पण फोन ठेवल्यावर त्यांनी लोकरीच्या शेडबाहेर एक पणती लावली, असं पॉपनी नंतर सांगितलं.

नोव्हेंबरात आई परत गेली. आम्ही कामाला लागलो. कंपनीच्या पत्राचं काय झालं हे विचारायचा धीर आम्हाला होत नव्हता, आणि त्यांनीही विषय काढला नाही. एप्रिलच्या शेवटी एका रात्री नॅनांचा फोन आला. मुलांची चौकशी केली, आईच्या गुडघ्यांची केली, पावसाविषयी बोलल्या. ठेवता ठेवता म्हणाल्या, "बरं, पॉपने काल नव्या हॉगेटमध्ये मेंढे सोडले."

मेंढी सुमारे 147 दिवसांनी विते. आम्ही कॅलेंडर काढून मोजलं, आणि सप्टेंबरच्या रजेचे अर्ज दुसऱ्याच दिवशी टाकले.